पाटीसकट तोललेली हवा

विजयदुर्गाजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी विचारलंय: "आमच्या किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. या वेळी मुलांनी विचारलं, सूर्यावरचा वायू इथे बसून ओळखला, तर दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांवरची हवाही ओळखता येते का? आणि के२-१८ बी नावाच्या ग्रहावर जीवसृष्टी सापडल्याची बातमी होती, ती खरी का? मला धड उत्तर देता आलं नाही."

बाई, मुलांनी प्रश्न बरोबर जागी धरलाय. सूर्यावरचा हेलियम आणि दूरच्या ग्रहाची हवा ओळखायची रीत एकच आहे. मी मूळचा देवगडकडचा, आणि गेली वीसेक वर्षं याच ग्रहांच्या वर्णपटांत, म्हणजे प्रकाश रंगारंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यांत, डोकं घालून बसलोय. तेव्हा उत्तर जरा लांबेल. सवडीने वाचा.

आधी किल्ल्याचं, कारण ती गोष्ट आपण थोडी सैल सांगतो. 'लॉकियर साहेबाने १८६८ साली विजयदुर्गावर हेलियम शोधला' असं मीही लहानपणी ऐकलं, आणि पुढे किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे', म्हणजे साहेबाने दुर्बीण मांडली ते ओटे, दाखवताना मुंबईच्या पाहुण्यांना तसंच्या तसं ऐकवलं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची सावली आपल्या किनाऱ्यावरून आत शिरून पूर्वेकडे गेली, हे खरं. पण ते ग्रहण पाहून पुढचं पाऊल टाकलं ते पिएर जान्सेन या फ्रेंच ज्योतिर्विदाने, आणि ते होते आंध्रात, गुंटूरला. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळांच्या रेघा इतक्या ठळक आहेत, की ग्रहण नसतानाही त्या पकडता येतील, असं त्यांना सुचलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या पकडल्याही. नॉर्मन लॉकियर हे इंग्रज ज्योतिर्विद तेव्हा इंग्लंडात होते. त्यांनी ग्रहण न पाहताच ऑक्टोबरमध्ये स्वतंत्रपणे तीच युक्ती साधली. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. विजयदुर्गाला लॉकियर आले ते ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. 'मेलपोमेनी' या ब्रिटिश युद्धनौकेवरची मंडळी त्यांच्या हाताखाली होती. त्याच ग्रहणाला पुण्याचे कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यात जेऊरला उपकरणं मांडून बसले होते. तेव्हा कट्टे आहेत, साहेबही आला होता, साल तेवढं सरकलं. जानेवारीत आपलं आभाळ धुऊन ठेवल्यासारखं असतं. ऑगस्टमध्ये ते कसं असतं, हे विजयदुर्गाच्या माणसाला सांगायला नको.

मुलांना हे असंच सांगा. दिन साजरा करायला काहीच हरकत नाही, गोष्ट मात्र नीट सांगू या.

आता ती रेघ. घरी गॅसवर पेज उतू जाते तेव्हा काय होतं आठवा. निळी ज्योत एकदम पिवळीधमक होते. ते पेजेतल्या मिठाचं काम. मिठातला सोडियम तापला की एका ठरावीक पिवळ्या रंगाचा प्रकाश टाकतो. वर्णपटात पाहिलं तर त्या जवळजवळ चिकटलेल्या दोन रेघा असतात, ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटरवर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, प्रकाशाची तरंगलांबी त्यात मोजतात). शास्त्रज्ञांनी त्यांना डी१ आणि डी२ अशी नावं दिली होती. सूर्याच्या ज्वाळांत दिसलेली पिवळी रेघ आधी सोडियमचीच वाटली, पण ती किंचित बाजूला, ५८७.६ वर होती. म्हणून ती डी३. प्रयोगशाळेत कुठलाही पदार्थ तापवला तरी ती रेघ निघेना. लॉकियरनी ठरवलं की हे मूलद्रव्यच नवं, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटलं. पुष्कळांनी नाकं मुरडली. १८९५ साली विल्यम रॅम्से यांना तोच वायू पृथ्वीवरच्या एका खनिजातून काढता आला, तेव्हा कुठे वाद मिटला. दीडेक नॅनोमीटरच्या फरकात एक अख्खं मूलद्रव्य लपलं होतं.

आमच्या धंद्याचं भांडवल एवढंच. तापलेला वायू आपल्या ठरलेल्या रंगांच्या रेघा टाकतो, आणि त्याच वायूतून दुसरीकडचा प्रखर प्रकाश आरपार गेला तर नेमके तेच रंग तो गिळतो. वर्णपटात तिथे काळ्या रेघा पडतात. कुठल्या रेघा गहाळ झाल्या ते बघायचं आणि कोणी गिळल्या ते ओळखायचं.

पण ग्रह तर दिसतही नाही, मग त्याच्या हवेतून प्रकाश आरपार जाणार कसा? मिठमुंबरीच्या वाळूवर संध्याकाळी उभं राहा. डोक्यावर असताना ज्याच्याकडे बघवत नाही, तो सूर्य पाण्याला टेकताना तांबडा आणि मवाळ होतो. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना हवेच्या थरातून आडवा येतो, डोक्यावरच्या मानाने तीस-चाळीस पट जास्त हवा ओलांडून. वाटेत निळा रंग विखुरतो, बाष्प आपले रंग गिळतं, ऑक्सिजन आपले. मावळत्या सूर्याचा वर्णपट काढला तर तो अर्धा सूर्याचा आणि अर्धा आपल्या हवेचा निघतो. आता असं समजा, की कोणी खूप लांबून बघतंय आणि पृथ्वी सूर्यासमोरून सरकतेय. पृथ्वीच्या गोल काठावर जिथे जिथे सूर्य मावळतोय किंवा उगवतोय, त्या सगळ्या पातळ कडीतून गाळून आलेला प्रकाश त्या बघणाऱ्याला मिळेल. ग्रहाने ताऱ्यासमोरून असं जाण्याला आम्ही अधिक्रमण म्हणतो.

ही कडी तुम्हीही पाहिली आहे. खग्रास चंद्रग्रहणात चंद्र तांबूस होतो, तो पृथ्वीच्या काठावरच्या सगळ्या संध्याकाळी आणि पहाटांच्या उजेडाने. ऑगस्ट २००८ च्या चंद्रग्रहणात कॅनरी बेटांवरच्या दुर्बिणींनी त्या मंद चंद्राचा वर्णपट घेतला आणि त्यात ऑक्सिजन, पाण्याची वाफ, मिथेन, कार्बन डायऑक्साइड स्वच्छ दिसले. बाहेरच्या कोणाला पृथ्वी जिवंत असल्याचा सुगावा लागायचा तर असा लागेल. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीही असंच ग्रहण होतं. आपल्याकडे किती जणांना ढगांतून चंद्र सापडला, देव जाणे.

तत्त्व एवढं सोपं, मग अडचण कुठे? तोलण्यात. मासळीच्या लिलावाला पाटीसकट मासळी तोलतात आणि रिकाम्या पाटीचं वजन वजा करतात. आमचीही तीच पद्धत. ग्रह समोर असतानाचा ताऱ्याचा प्रकाश मोजायचा, ग्रह नसतानाचा मोजायचा, आणि वजाबाकी करायची. फक्त इथे पाटी टनावारी वजनाची आणि आत एक जवळा. सूर्यासमोरून गुरू गेला तर सूर्यप्रकाश जेमतेम एक टक्का घटतो. पृथ्वी गेली तर साधारण ८४ भाग, दहा लाखांतले. त्यातला नुसत्या हवेच्या कडीचा वाटा काढायला बसलो तर दहा लाखांत एक भाग हाती येतो. आज कुठल्याच दुर्बिणीला हे साधत नाही.

म्हणून आम्ही आधी सोपे ग्रह निवडले. ताऱ्याला जवळजवळ खेटून फिरणारे, भट्टीसारखे तापलेले, हायड्रोजनने फुगलेले. तापमान जास्त, वायू हलका आणि गुरुत्व कमी, असं जमून आलं की हवा उंच फुगते. पृथ्वीच्या हवेत साधारण साडेआठ किलोमीटर चढलं की दाब एक तृतीयांशाच्या आसपास येतो. वॉस्प-३९ बी या ग्रहावर तेवढ्याच घटीसाठी हजारेक किलोमीटर चढावं लागेल. कडी रुंद, म्हणून खूण मोठी.

पहिली खूण मिळाली ती मिठाचीच. एचडी २०९४५८ बी हा ग्रह सुमारे १५९ प्रकाशवर्षांवर आहे आणि साडेतीन दिवसांत ताऱ्याभोवती एक फेरी मारतो. तो ताऱ्याचा दीड टक्का प्रकाश अडवतो, हे १९९९ साली कळलं होतं. डेव्हिड शारबोनो आणि सहकाऱ्यांनी हबल या अवकाशातल्या दुर्बिणीने नेमक्या त्या पिवळ्या जागी, ५८९ नॅनोमीटरला, पाहिलं. तिथे प्रकाश आणखी थोडा जास्त घटत होता, दहा हजारांत दोन-सव्वादोन भाग. २००१ च्या शेवटी त्यांनी जाहीर केलं, की सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाच्या हवेत सोडियम आहे. आमच्या विषयाचा जन्म तिथला.

आणि २०१८ साली डी३ चं वर्तुळ पुरं झालं. वॉस्प-१०७ बी या भुसभुशीत ग्रहाभोवती हबलला हेलियम सापडला. रेघ डी३ नव्हती, त्याच मूलद्रव्याची अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या पलीकडची, डोळ्यांना न दिसणारी रेघ होती, १०८३ नॅनोमीटरवरची. ग्रहाचं वस्तुमान नेपच्यूनच्या दुपटीहूनही कमी, आकार मात्र गुरूच्या जवळपास, त्यामुळे तो आपली हवा धरून ठेवू शकत नाही. हेलियम त्याच्यापासून निसटून अवकाशात चाललाय. तुमच्या हेलियम दिनाला सांगायची गोष्ट मला विचाराल तर ही आहे.

२५ डिसेंबर २०२१ ला जेम्स वेब दुर्बीण उडाली आणि कामाचा वेग बदलला. साडेसहा मीटरचा आरसा, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर मुक्काम, आणि डोळे अवरक्तातले. हवेतले बहुतेक रेणू आपल्या ठळक खुणा अवरक्तातच ठेवतात, त्यामुळे हबलला जे चाचपडत शोधावं लागायचं ते वेबला समोर दिसतं. वॉस्प-३९ बी च्या आलेखाची मला अजून आठवण येते. शनीच्या वस्तुमानाचा, ९०० अंश सेल्सियसचा, ७०० प्रकाशवर्षांवरचा हा ग्रह. ताऱ्याच्या प्रकाशातली घट साधारण २.१ टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होती आणि ४.३ मायक्रॉनला (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) उसळून सव्वादोनच्या पुढे गेली. कार्बन डायऑक्साइड. ऑगस्ट २०२२. आम्ही वर्षानुवर्षं ज्या उंचवट्यासाठी आकडेमोडीच्या कुबड्या घेऊन भांडलो, तो शाळेतल्या पोराला बोट ठेवून दाखवता येईल असा उभा होता. शेजारी ४.०५ मायक्रॉनला एक लहानसं टेंगूळ होतं, ते कोणाच्या हिशेबात बसेना. ते निघालं सल्फर डायऑक्साइडचं. ताऱ्याच्या अतिनील प्रकाशाने तिथल्या हवेत रासायनिक क्रिया घडतात आणि त्यातून तो तयार होतो. आपल्याकडे ओझोन तयार होतो तो सूर्यप्रकाशातल्या अशाच क्रियांतून.

इथवर सगळं छान. आता वजाबाकी कुठे फसते ते सांगतो, कारण बातम्यांत ते येत नाही आणि माझी निम्मी नोकरी त्यातच गेली.

नवा नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका डोंगरावरच्या दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटांत मला एका ग्रहाची पाण्याची वाफ दिसली. अधिक्रमण सुरू झालं की खूण वाढायची, संपता संपता कळसाला पोचायची. दीड महिना मी त्या आलेखाला कुरवाळत होतो, निबंधाचं शीर्षकसुद्धा तयार होतं. आमच्या वरिष्ठांनी आलेख बघितला आणि एवढंच विचारलं, "त्या रात्रीची वही कुठाय?" वही म्हणजे निरीक्षणाची नोंदवही. रात्रपाळीच्या सहायकाने सुरेख अक्षरात लिहून ठेवलं होतं: बाराला आर्द्रता ४० टक्के, एकला ५२, दोनला ६८, आणि २.४० ला 'दव, घुमट बंद'. माझ्या ग्रहाचं पाणी म्हणजे त्या डोंगरावर चढत आलेलं धुकं होतं. शिवाय तारा पश्चिमेला कलत होता, म्हणजे दर तासाला आपलीच जास्त हवा मध्ये येत होती. चार महिने भिंतींना ओल धरणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला दमट हवा ओळखू येऊ नये! वरिष्ठ काही बोलले नाहीत. वही माझ्या टेबलावर ठेवून गेले.

म्हणून जमिनीवरच्या दुर्बिणी लडाखमधल्या हानळेसारख्या कोरड्या, उंच जागी असतात. आपल्याकडची दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण तिथे साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. किनाऱ्यावर हे काम होणार नाही, कितीही वाटलं तरी. पण उंचावर जाऊनही आपली हवा पुरती सुटत नाही, मग एक वेगळी युक्ती लावतात. रात्री जेटीवरून खाडीत बघा. नांगरलेल्या होड्यांचे दिवे आणि निघालेल्या होडीचा दिवा एकसारखेच दिसतात, पण थोडा वेळ टक लावली की सरकणारा कोणता ते कळतं. ग्रह ताऱ्याभोवती सेकंदाला शंभराहून जास्त किलोमीटरच्या वेगाने धावत असतो, त्यामुळे त्याच्या रेघा वर्णपटात तासागणिक सरकतात. आपल्या हवेच्या रेघा नांगरलेल्या असतात. रेघा पुरेशा बारीक फोडता आल्या तर दोन्ही वेगळ्या काढता येतात. एचडी २०९४५८ बी वरचा कार्बन मोनॉक्साइड २०१० साली चिलीमधल्या महाकाय दुर्बिणीने असाच पकडला, आणि रेघा अपेक्षेपेक्षा किंचित जास्त सरकलेल्या दिसल्या त्यावरून तिथे सेकंदाला दोनेक किलोमीटरचा वारा असावा असाही अंदाज निघाला. आपल्या वादळांचा वारा या मानाने झुळूक.

आपली हवा वजा केली, तरी तारा उरतोच. ही जास्त वाईट खोड. आपण धरून चालतो की रिकामी पाटी एकसारखी आहे. पण ताऱ्यावर डाग असतात, मधला भाग आणि कड यांचा प्रकाश सारखा नसतो, आणि तारा स्वतःभोवती फिरत असल्याने त्याची एक बाजू आपल्याकडे येत असते आणि दुसरी दूर जात असते. ग्रह नेमका कुठला भाग झाकतोय यावर नुसत्या ताऱ्यामुळे खोट्या खुणा तयार होतात. थंड, लाल ताऱ्यांच्या डागांत तर चक्क पाण्याची वाफ असू शकते. जीजे ४८६ बी या खडकाळ ग्रहापाशी वेबला पाण्याची खूण दिसली, २०२३ साली. पाणी ग्रहावरचं की ताऱ्याच्या डागांतलं, हे त्या निरीक्षणातून सांगता आलं नाही, आणि ते काम करणाऱ्यांनी तसं सरळ लिहिलं. मला अशी माणसं आवडतात. आणि तो पहिला सोडियम? २०२० साली जास्त बारकाईच्या वर्णपटांनी दाखवलं, की एचडी २०९४५८ बी च्या खुणेतला निदान काही भाग ताऱ्याच्या या फिरण्या-कडेच्या करामतीतून येऊ शकतो. ज्या मिठावर आमचा विषय उभा राहिला त्याचा हिशेब अजून तपासला जातोय.

ढगांचं तर विचारू नका. जीजे १२१४ बी वर हबलने १५ अधिक्रमणं खर्च केली आणि २०१४ साली छापलं काय, तर सपाट रेघ. वर दाट ढग, खाली काय आहे ते कळायला मार्ग नाही. जुलैत देवगडहून चंद्र बघायला निघालेल्या माणसाची जी गत, तीच.

आता के२-१८ बी. हे तपशिलात सांगतो, कारण यात वरच्या सगळ्या खोड्या एका जागी भेटतात. सिंह राशीच्या दिशेला, १२४ प्रकाशवर्षांवर, एका लाल बुटक्या ताऱ्याभोवती हा ग्रह ३३ दिवसांत फेरी मारतो. पृथ्वीच्या २.६ पट त्रिज्या, साडेआठ पट वस्तुमान. २०१९ मध्ये हबलच्या निरीक्षणांवरून जाहीर झालं, की त्याच्या हवेत पाण्याची वाफ आहे. 'राहण्याजोग्या पट्ट्यात पाणी!' जगभर मथळे. (हा पट्टा म्हणजे ताऱ्यापासून पाणी द्रव राहू शकेल एवढं अंतर.) २०२३ मध्ये वेबने बघितलं तर तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड स्वच्छ दिसले, पाणी मात्र ठामपणे दिसलं नाही. हबलला जी जागा दिसत होती तिथे मिथेन आणि पाणी दोघंही गिळतात, आणि एवढ्या अरुंद खिडकीतून त्यांना वेगळं ओळखणं अवघड होतं. वेबचं ते काम केंब्रिजमधले निक्कू मधुसूदन आणि सहकाऱ्यांचं. हायड्रोजनच्या हवेखाली महासागर असलेले ग्रह असावेत, ही कल्पनाही मधुसूदन यांच्याच गटाची.

त्याच निरीक्षणात एक पुसटसा इशारा होता, डायमिथाइल सल्फाइडचा. आता हा रेणू कोकणातल्या माणसाच्या नाकाला परका नाही. ओहोटीला खडकांवर शेवाळ उघडं पडतं तेव्हा येणाऱ्या समुद्राच्या वासात त्याचा हात असतो. समुद्रातलं सूक्ष्म वनस्पती-प्लवंग तो बनवतं. (सुक्या मासळीचा वास निराळा, तो ट्रायमिथाइल अमाइनचा. वर्गात कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगून ठेवतो.) पृथ्वीवर हा रेणू हवेत येतो तो मुख्यत्वे सजीवांमुळे. एप्रिल २०२५ मध्ये त्याच गटाने वेबच्या दुसऱ्या उपकरणाने, जास्त लांब तरंगलांबीवर पाहून जाहीर केलं, की हा रेणू किंवा त्याचा भाऊ डायमिथाइल डायसल्फाइड तिथे आहे, तीन सिग्मा खात्रीने. 'परग्रहावर जीवसृष्टी' ही बातमी तिथून निघाली.

तीन सिग्मा म्हणजे निव्वळ योगायोगाने अशी खूण हजारांत तीनेक वेळा दिसू शकते. ऐकायला भक्कम वाटतं. पण चावीचा जुडगा घेऊन कुलूप उघडायला बसलात, तर एखादी चावी थोडीशी फिरतेच. आलेखातला उंचवटा समजवायला उमेदवार रेणू पुष्कळ आहेत, आणि कोणकोणते हिशेबात घ्यायचे यावर ही खात्री वरखाली होते. इतर गटांनी तीच मोजमापं पुन्हा तपासली, तेव्हा कोणाला साधी सपाट रेघही चालली, कोणाला दुसरे रेणू चालले. आमच्यात शोध म्हणायचा तो पाच सिग्माला, जिथे योगायोग लाखो वेळांत एकदा. शिवाय हा रेणू सापडला म्हणजे जीव सापडला असंही नाही. ६७पी या निर्जीव धूमकेतूच्या मोजमापांत तो मिळालाय, आणि प्रयोगशाळेत नुसत्या वायूंवर अतिनील प्रकाश टाकूनही तो तयार झालाय.

तेव्हा मुलांना सांगा: के२-१८ बी वर हवा आहे, तीत मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आहेत, ही गोष्ट पक्की. खाली समुद्र आहे की नाही यावर वाद आहे. जीवसृष्टी सापडलेली नाही. मधुसूदन यांना लबाड म्हणणारे काहीजण मला भेटले, ते मला पटत नाही. मोजमाप उघड्यावर ठेवलं, दुसऱ्यांनी तपासलं, यात लबाडी कसली? घाई म्हणा हवं तर, आणि त्यातली बरीचशी मथळे लिहिणाऱ्यांची.

पृथ्वीएवढ्या ग्रहांचं विचाराल तर आशा ट्रॅपिस्ट-१ वर आहे. ४० प्रकाशवर्षांवरचा इवलासा तारा, सूर्याच्या १२ टक्के त्रिज्येचा, आणि भोवती सात खडकाळ ग्रह, २०१७ साली जाहीर झालेले. पाटी हलकी झाली की मासळीचं वजन नीट लागतं, म्हणून छोटा तारा. पण हे तारे अंगात आल्यासारखे भडकतात आणि जवळच्या ग्रहांची हवा उडवून लावतात. आतल्या बी ग्रहाची ताऱ्याकडची बाजू वेबने मोजली तर सुमारे २३० अंश सेल्सियस निघाली, म्हणजे उघड्या खडकाची असते तशी. सी वर शुक्रासारखी दाट हवा नाही. ई वर काम चालू आहे, आणि मी श्वास रोखून वगैरे नाही, पण दर आठवड्याला बघतो जरूर.

आणि तुम्ही न विचारलेला, पण मुलांच्या मनात असणारा प्रश्न: इथल्या पोराला हे करता येईल का? येईल. वॉस्प-३९ बी ची वेबची मोजमापं सगळ्यांसाठी खुली आहेत. ती उतरवून घ्यायला पैसे लागत नाहीत, बरं इंटरनेट लागतं (ते आपल्याकडे पावसात कितपत चालतं हा निराळा प्रश्न). जवळच्या कॉलेजात बीएस्सीला फिजिक्स घ्यावं, गणित सोडू नये, पायथन शिकावी, पुढे जेस्टसारखी संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा द्यावी. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, बंगळुरूला तारकाभौतिकी संस्था, अहमदाबादला भौतिकी प्रयोगशाळा. या प्रयोगशाळेचा पारस-२ हा वर्णपटमापक माउंट अबूला अडीच मीटरच्या दुर्बिणीवर बसून ग्रहांची वस्तुमानं मोजतो, आणि वस्तुमान ठाऊक नसेल तर हवेचा अर्थ लावताच येत नाही. पुढच्या काही वर्षांत एरिएल ही युरोपीय दुर्बीण निघणार आहे, सुमारे हजार ग्रहांच्या हवा तपासायला. आज तुमच्या आठवीत असलेली मुलं तेव्हा कॉलेजात असतील.

हेलियम दिनाला मात्र एक करा. चपलांचं खोकं घ्या. एका बाजूला दोन अर्धी ब्लेडं केसभर फट ठेवून चिकटवा, हे काम तुम्ही करा, मुलांना देऊ नका. समोरच्या बाजूला जुन्या डीव्हीडीचा चमकता थर सोलून काढलेला पारदर्शक तुकडा तिरका लावा आणि त्यातून बघा. एलईडी बल्बकडे धरलंत तर रंग एकात एक मिसळलेले दिसतील, जुन्या सीएफएलकडे धरलंत तर सुट्या पट्ट्या. सूर्याकडे कोणीही धरायचं नाही, आणि १८ ऑगस्टला तो दिसण्याची शक्यता तशीही थोडीच. मग दारं-खिडक्या लावून खोली काळोखी करा, स्पिरिटचा दिवा लावा, आणि वातीवर चिमूटभर मीठ टाका. शिरोड्याच्या मिठागरातलं मिळालं तर फारच छान. पिवळी रेघ एकच दिसेल. तिच्या दोन असतात हे त्या खोक्यात कळणार नाही, आणि डी३ तर मिठात नसतेच. पण ती कुठे असायला हवी ते मुलांना विचारा, आणि फळ्यावर त्या पिवळ्या रेघेच्या निळ्या बाजूला, अगदी लगटून, खडूने काढायला लावा.